राजवाड्यातल्या मुलींचं खरं आयुष्य: रत्नागिरीच्या चार राजकन्यांपासून हुंड्यात गेलेल्या मुंबईपर्यंत

रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. ब्रह्मदेशच्या राजाची थोरली मुलगी इथल्या एका दरवानाबरोबर कशी काय राहिली? कुणी आश्चर्याने विचारतं, कुणी दबक्या आवाजात. जपानची राजकन्या माको हिची बातमी आली तेव्हाही लोक असेच गोंधळले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने कॉलेजात ओळख झालेल्या मुलाशी लग्न केलं आणि लग्नाची नोंद होताच ती राजकन्या राहिली नाही. सरकारी नियमाप्रमाणे मिळू शकणारी सुमारे १५ कोटी येनची रक्कमही तिने नाकारली. लग्न केलं म्हणून माणसाचा जन्म कसा काय रद्द होतो, असं अनेकांना वाटलं.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, आणि ते समजून घ्यायला कोकण किनाऱ्याइतकी सोयीची जागा नाही. पोर्तुगालच्या एका राजकन्येच्या लग्नात या किनाऱ्यावरची बेटं दिली गेली. शृंगारपूरच्या शिर्क्यांकडे छत्रपतींची लेक सून म्हणून आली. आणि एका परक्या देशाच्या चार राजकन्या रत्नागिरीच्या लाल मातीत लहानाच्या मोठ्या झाल्या.

## राजकन्या असणं म्हणजे नेमकं काय?

राणी बहुतेक वेळा लग्नाने होते. राजकन्या मात्र जन्माने होते, म्हणून तो दर्जा कुणी काढून घेऊ शकत नाही असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दर्जा तिचा असे, पण तो वापरायचा की नाही हे दुसरे ठरवत.

कोकणात ज्यांच्या घरी सामाईक सातबारा आहे त्यांना हे चटकन कळेल. उताऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. जमीन आपलीही असते, पण फणसाचं एक झाड तोडायचं म्हटलं तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. राजकन्येचं आयुष्य असं सामाईक होतं. तिने कुठे राहायचं, कुणाशी बोलायचं, लग्न कुणाशी आणि कधी करायचं, यावर वडिलांची, दरबाराची, धर्मगुरूंची आणि कधी कधी शत्रूचीही सही लागे. तिची स्वतःची सही कुणी मागत नसे.

याचं कारण राज्यकारभाराच्या व्यवहारात होतं. युद्धापेक्षा सोयरीक स्वस्त पडते, म्हणून मुलगी तहाचा भाग होई. शिवाय तिच्या पोटी आलेला मुलगा उद्या गादीवर हक्क सांगू शकतो, म्हणून जावई कोण हा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न बने. जावई बरोबरीच्या घराण्यातला मिळाला तर ठीक, नाहीतर मुलीचं लग्नच करायचं नाही, असं अनेक राजघराण्यांनी ठरवून टाकलं होतं.

## मुंबई आंदण मिळाली, मग कॅथरिनचं काय झालं?

शाळेत आपण एका ओळीत शिकतो की पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन हिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. त्या ओळीत मुंबईचं पुढे काय झालं ते असतं, कॅथरिनचं काय झालं ते नसतं.

पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या सत्तेतून बाहेर पडला होता आणि त्याला समुद्रावर बलवान असा दोस्त हवा होता. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पैसा हवा होता. जून १६६१ मध्ये तह झाला. कॅथरिनबरोबर मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजियर, आपली मुंबई आणि २० लाख क्रुझादो देण्याचं ठरलं. क्रुझादो म्हणजे त्या काळचं पोर्तुगीज नाणं. मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं. रोकड पुरेशी जमली नव्हती, म्हणून हुंड्याचा काही भाग साखर आणि इतर मालाच्या रूपात जहाजात भरून आला.

इकडे मुंबईचा ताबा देताना पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने पाय मागे घेतला. असं बंदर हातचं घालवणं त्याला पटत नव्हतं. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे चारशेच्या आसपास सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. किनाऱ्यावरचा पावसाळा, अपुरं अन्न आणि ताप यांनी त्यातले बहुतेक मेले. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच गेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने उरलेल्या मूठभर माणसांनिशी ताबा घेतला. इतकं होऊनही चार्ल्सला मुंबईचा खर्च जड झाला आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

आता कॅथरिन. ती कॉन्व्हेंटच्या धार्मिक वातावरणात वाढलेली होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. लग्नानंतर काही आठवड्यांतच नवऱ्याने आपल्या प्रेमपात्र बाईला, बार्बरा कासलमेन हिला, कॅथरिनच्या खासगी दालनातली मानकरी म्हणून नेमायचं ठरवलं. कॅथरिनने साफ नकार दिला. भर दरबारात बार्बराला समोर आणलं तेव्हा तिच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. चार्ल्सने तिच्याबरोबर आलेल्या बहुतेक पोर्तुगीज मंडळींना परत पाठवून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत एकटी पडलेली ती बाई शेवटी नमली. पुढे तिला मूल झालं नाही. राजाच्या प्रेमपात्र बायकांना मात्र मुलं होत राहिली आणि त्या मुलांना सरदारक्या मिळत राहिल्या. १६७८ मध्ये तर, ती कॅथलिक आहे म्हणून, राजाला विष घालण्याच्या कटात ती सामील असल्याचा आरोपही झाला. तेव्हा चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याने तिला सोडलं नाही, हेही सांगायला हवं.

या गोष्टीचा शेवट फार थोड्यांना माहीत असतो. चार्ल्स गेल्यावर काही वर्षांनी, १६९२ मध्ये, कॅथरिन पोर्तुगालला परतली. भाऊ पेद्रू आजारी पडला तेव्हा तिने राज्याचा कारभार हातात घेतला, तोही युद्ध चालू असताना, आणि तो खंबीरपणे चालवला. डिसेंबर १७०५ मध्ये ती वारली. आयुष्यभर जिला मूल नाही म्हणून हिणवलं, ती साठी ओलांडल्यावर देश चालवत होती. तिच्या नावावर इतिहासात चढलेली मुंबई मात्र तिने कधी पाहिली नाही.

## शृंगारपूर आणि रायगड

हे सगळं फिरंग्यांकडे होत असे आणि आपल्याकडे नाही, असं कुणी म्हणू नये. संगमेश्वराजवळच्या शृंगारपूरचे शिर्के हे त्या मुलखातलं वजनदार घराणं. स्वराज्य कोकणात पसरवायचं तर शिर्के आपल्या बाजूला हवेत, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं होतं. पिलाजी शिर्क्यांची लेक येसूबाई संभाजीराजांना दिली गेली आणि महाराजांची लेक राजकुंवरबाई पिलाजींच्या मुलाला, गणोजींना. एका मांडवातून आलेलं नातं दुसऱ्या मांडवातून परत गेलं. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात आणि अगदी अलीकडेपर्यंत साध्या घरांतही ते होत असे.

साटंलोट्यातला धोका असा की एक दोर तुटला की दुसराही ताणला जातो. शिर्क्यांना वतन हवं होतं. वतन म्हणजे एखाद्या मुलखाच्या वसुलीवरचा पिढीजात हक्क. तो प्रश्न चिघळत गेला आणि गणोजी मोगलांच्या बाजूला गेले. १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले. त्या पकडीत गणोजींचा हात होता की नव्हता यावर आजही वाद होतात, त्यात मी इथे शिरत नाही. मला राजकुंवरबाईंबद्दल बोलायचं आहे. भाऊ आणि नवरा एकमेकांच्या विरोधात उभे असताना त्या शिर्क्यांच्या घरात होत्या. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना सुटून यायचं होतं, तेव्हा गणोजींची मदत मिळावी म्हणून खंडो बल्लाळ चिटणिसांनी आपलं दाभोळचं वतन शिर्क्यांना सोडून दिलं, ही हकिगत आपण अभिमानाने सांगतो. दाभोळच्या वतनाचं काय झालं ते नोंदलं गेलं. राजकुंवरबाईंना काय वाटलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

त्यांच्या वहिनीची, येसूबाईंची, गोष्ट निदान कळते. १६८९ च्या अखेरीस रायगड पडला आणि त्या लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. सुटल्या १७१९ मध्ये, म्हणजे सुमारे ३० वर्षांनी. या कैदेत मायलेकरांची काळजी घेणारी बाई औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा होती. ती स्वतः आजन्म अविवाहित राहिली आणि बापाच्या छावणीबरोबर दख्खनभर फिरली. एक कैदेत, दुसरी छावणीत, आणि दोघींचंही आयुष्य एकाच माणसाच्या हुकमावर.

## लग्न झालं नाही तर?

मोगल घराण्यातल्या अनेक मुली अविवाहित राहिल्या. त्यातून कधी कधी वेगळीच वाट निघाली. शाहजहानची थोरली मुलगी जहाँआरा आई गेल्यावर, १६३१ मध्ये, सतराव्या वर्षी जनानखान्याची प्रमुख झाली. सुरत बंदराचं उत्पन्न तिच्याकडे होतं. तिचं स्वतःचं ‘साहिबी’ नावाचं जहाज होतं, ते व्यापार करी आणि हाजींना घेऊन जाई. तिच्या हाती पैसा होता, शिक्का होता, स्वतःची माणसं होती. नवरा नसल्यामुळे तिची मालमत्ता दुसऱ्या घराण्यात गेली नाही आणि वडिलांनाही तेच सोयीचं होतं. तिची सत्ता खरी होती, पण ती बापाच्या गादीला टेकून उभी होती. १६५८ मध्ये गादी गेली तशी ती बापाबरोबर आग्र्याच्या किल्ल्यात जाऊन राहिली, आणि शाहजहानच्या मृत्यूनंतर औरंगजेबाने तिला पुन्हा मानाने वागवलं.

## रत्नागिरीतल्या चौघी

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. बरोबर राणी सुपयालत, धाकटी राणी आणि दोन लहान मुली होत्या. तिसरी मुलगी मद्रासला झाली. एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना जहाजाने रत्नागिरीला आणलं आणि पुढच्या वर्षी चौथी मुलगी इथे जन्मली. रत्नागिरी निवडली ती ती दूर होती म्हणून. कोकण रेल्वे यायला अजून शंभराहून जास्त वर्षं होती आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद. इथून ब्रह्मदेशात निरोप पोचवणं महाकठीण होतं.

आज आपण जो राजवाडा बघतो, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला, लाल विटांचा, उतरत्या छपरांचा, तो १९१० मध्ये पुरा झाला. म्हणजे निर्वासित झाल्यावर जवळजवळ २५ वर्षांनी. तोपर्यंत हे कुटुंब इंग्रजांच्या बंगल्यांत राहत होतं. राजवाड्यात राहायला गेली तेव्हा थोरली राजकन्या तिशीची झाली होती. बाहेर जायला परवानगी, पाहुणा यायला परवानगी, वर देखरेखीला पोलीस अधिकारी. नियमित शाळा नाही. मुली आईबापाशी ब्रह्मी बोलत आणि नोकरचाकरांकडून हिंदुस्थानी आणि मराठी शिकल्या.

चौघींची लग्नं हा सगळ्यात मोठा पेच होता. ब्रह्मी राजघराण्यात रक्त शुद्ध ठेवण्यासाठी जवळच्या नात्यातच लग्न करत. थिबा आणि सुपयालत ही स्वतः सावत्र भावंडं होती. राजाच्या मुलींपैकी एक तर अविवाहित ठेवली जाई, पुढच्या राजाची पट्टराणी व्हावी म्हणून. राज्य गेल्यावर पुढचा राजा कुठून येणार? आणि योग्य रक्ताचे मुलगे तरी कुठे होते? १८७९ मध्ये, थिबा गादीवर आल्यावर, वारसाहक्काचा वाद नको म्हणून त्याच्या दरबाराने राजघराण्यातल्या कित्येक स्त्रीपुरुषांची कत्तल केली होती. ज्या भाऊबंदांच्या घरांतून पुढे स्थळं यायची, ती घरंच पुसली गेली होती. आईबापांच्या काळातल्या त्या रक्तपाताची किंमत मुलींनी रत्नागिरीत मोजली. सरकारदरबारी स्थळांची चर्चा झाली, कागद हलले, जमलं काही नाही.

अशा घरात थोरल्या राजकन्येची आणि दरवान गोपाळ सावंत यांची जवळीक झाली. सावंत विवाहित होते. १९०६ मध्ये राजकन्येला मुलगी झाली, तिचं नाव टुटू. आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे परत बघा. ती दरवानाबरोबर कशी राहिली, असं विचारताना आपण मनात धरतो की तिच्यासमोर रांगेने राजपुत्र उभे होते आणि तिने दरवान निवडला. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या त्या बाईच्या जगात बाहेरचे पुरुष किती असतील? पहाऱ्यावरचे, नोकरीतले, आणि देखरेखीला नेमलेले. ज्या व्यवस्थेने तिला कुणाशीही लग्न करू दिलं नाही, त्या व्यवस्थेच्या फाटकावरच तिला माणूस भेटला. मला यात धक्कादायक काही दिसत नाही, आणि कुजबुजण्यासारखं तर मुळीच नाही.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं, तेव्हा थोरली राजकन्या मुलीला घेऊन गेली खरी, पण थोड्याच काळात रत्नागिरीला परतली. मायदेश म्हणून ज्याचं नाव घेतलं जाई तो तिने पाच वर्षांची असताना सोडला होता. तिचं सगळं जाणतं आयुष्य रत्नागिरीत गेलेलं होतं. १९४७ मध्ये ती इथेच वारली. टुटू मराठी बोलणारी, रत्नागिरीतल्याच एका मोटार मेकॅनिकशी लग्न झालेली, गरिबीत संसार ओढणारी बाई म्हणून जगली. कागदी फुलं करून विकणं, शेणी थापणं, अशी कामं तिने केली. २००० साली ती गेली. राजा थिबाची सख्खी नात गेली हे त्या दिवशी रत्नागिरीबाहेर फार कुणाला कळलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला १०० वर्षं झाली, तेव्हा मात्र म्यानमारमधले वंशज रत्नागिरीतल्या समाधीपाशी आले आणि इथल्या नातलगांनाही भेटले.

## पण खाण्यापिण्याची ददात तर नव्हती ना?

हा आक्षेप रास्त आहे. १९०० च्या आसपास रत्नागिरीतल्या कुणब्याच्या किंवा कोळ्याच्या घरातल्या मुलीचं आयुष्य या राजकन्यांपेक्षा कष्टाचं होतं, यात शंका नाही. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत कुणी बंगल्यातल्या मुलींची कीव का करावी?

पण सुबत्ता कुणाच्या हातात होती हे बघायला हवं. थिबाला मिळत होतं ते राजकीय पेन्शन, म्हणजे गादी काढून घेतलेल्या राजाला सरकार आपल्या मर्जीने देत असलेली रक्कम. ती कमीजास्त करणं सरकारच्या हातात. खर्च मात्र राजाचा, कारण शंभरभर माणसांचा लवाजमा पोसायचा, सणसमारंभ राजासारखे करायचे. मंडालेहून आणलेले माणिक-मोती एकेक करून सावकारांकडे गेले. मुलींच्या नावावर जमीन नाही, हाताला हुन्नर नाही, शिक्षण नाही. कोळणीला निदान मासळीचा भाव स्वतः ठरवता येई आणि बाजारातून आलेला पैसा पदरात बांधता येई. राजकन्येला दर्जा सांभाळायचा म्हणून कामही करता येत नसे. टुटूच्या वाट्याला आलेली गरिबी अचानक कोसळलेली नव्हती. पेन्शनवर उभं असलेलं घर एका पिढीत एवढं खाली येणं अगदी सरळ हिशोबाचं होतं.

## मग या बायका नुसत्या सोसत राहिल्या?

नाही. थिबाचीच दुसरी मुलगी बघा. बापाच्या पदरी असलेल्या, राजरक्ताच्या नसलेल्या ब्रह्मी तरुणावर तिचं मन बसलं. आईबापांनी विरोध केला. तिने घर सोडलं आणि लग्न केलं. पुढचं आयुष्य दोघांनी हिमालयातल्या कलिंपाँगला काढलं. चौथी मुलगी, रत्नागिरीत जन्मलेली, ब्रह्मदेशात परतल्यावर गेलेलं राज्य इंग्रजांकडे परत मागू लागली. सरकारने तिला मौलमेनला हलवलं, तिथे १९३६ मध्ये ती वारली. जन्मापासून आईबापांचं राज्य जिने डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, त्या मुलीने त्याची मागणी सगळ्यात मोठ्याने केली.

बडोद्याच्या सयाजीरावांची लेक इंदिराराजे हिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची कुचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी ओळख झाली आणि तिने शिंद्यांना स्वतः पत्र लिहून ठरलेलं लग्न मोडलं. घरात हलकल्लोळ झाला. तरी १९१३ मध्ये लंडनला तिने हवं ते लग्न केलं. नवरा १९२२ मध्ये गेला, मुलगा लहान होता, तेव्हा कुचबिहारचा कारभार तिनेच पाहिला.

त्याच काळात लंडनमध्ये पंजाबच्या महाराजा दलीपसिंगांची मुलगी सोफिया होती. थिबासारखंच दलीपसिंगांचंही राज्य इंग्रजांनी घेतलेलं. पण सोफिया बायकांच्या मतदानाच्या चळवळीत उतरली. नोव्हेंबर १९१० मध्ये संसदेवर गेलेल्या शिष्टमंडळात ती पुढे होती. मत नाही तर कर नाही म्हणाली, सरकारने तिचे दागिने जप्त करून लिलावात काढले तरी मागे हटली नाही.

एकाच साम्राज्याने राज्य बुडवलेल्या दोन घरांच्या मुली. एक लंडनमध्ये चळवळीचं वर्तमानपत्र विकते, दुसरी रत्नागिरीत फाटकाबाहेर जायला परवानगी मागते. स्वभावाचा फरक असेलही, पण मला मोठा फरक साधनांचा दिसतो. सोफियाला शिक्षण मिळालं होतं, स्वतःच्या नावे रक्कम होती, राहायला घर होतं, आणि चळवळीतल्या मैत्रिणी होत्या. इंदिराराजेंच्या मागे कॉलेजचं शिक्षण होतं, जे तिच्याच वडिलांनी दिलं आणि ज्याचा पहिला चटका त्यांनाच बसला. थिबाच्या मुलींना यातलं काही मिळालं नाही. तरीही चौघींतल्या तिघींनी आपापल्या परीने सहीशिवाय निर्णय घेतला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

## राजेशाही संपली, मग आज याचं काय?

जपानात ती संपलेली नाही. १९४७ च्या कायद्याने राजघराण्यातली स्त्री बाहेर लग्न करते तेव्हा घराण्यातून बाहेर पडते आणि गादीवर फक्त पुरुषच बसू शकतो. सम्राट नारुहितो यांना एकच मुलगी आहे, आयको, आणि तिला वारसा नाही. पुढच्या पिढीत एकच मुलगा वारस उरलाय. म्हणून लग्नानंतरही राजकन्यांचा दर्जा टिकवावा का, यावर तिथे गंभीर चर्चा चालू आहे. माकोचा जन्म रद्द झाला नव्हता. जन्माने मिळालेल्या दर्जावर कायद्याने घातलेली अट लागू झाली होती.

आपल्याकडे १९७१ मध्ये संस्थानिकांचे किताब आणि तनखे गेले. मालमत्तेचे वाद राहिले. पंजाबातल्या फरीदकोटच्या शेवटच्या राजाचं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं, त्यात मुलींच्या वाट्याला नाममात्र रक्कम होती. मुली कोर्टात गेल्या. मृत्युपत्र बनावट असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये कायम केला, खटला उभा राहिल्यावर तीस वर्षांनी. हे राजवाड्यापुरतं नाही. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, तरी कोकणातल्या कित्येक घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेणं अजून रीत म्हणून चालतं.

किताब गेल्यावर राजकन्येने काय करावं, याचं एक उत्तर सावंतवाडीत आहे. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले या माहेरच्या बडोद्याच्या गायकवाड. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते, तेव्हा मरणपंथाला लागली होती. जाणकार कारागीर मोजके उरले होते. त्यातले वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्यासमोर सावंतवाडीचे शिवरामराजे आणि त्यांची पत्नी सत्त्वशीलादेवी शिकायला बसले. सुरुवातीला चितारी तयार नव्हते. राजाराणीने शिष्य होऊन बसणं त्यांना अवघड वाटलं असणार. पण ते शिकले, मग त्यांनी गावातली मुलं-मुली शिकवली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारखाना मांडला. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पानं, असे १२० पत्ते असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक पान वेगळं रंगवायचं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, काम थांबलं नाही. राजवाड्यात गेलात तर रंगकाम करणाऱ्या कारागिरांपाशी थांबा आणि मत्स्याचा राजा दाखवा म्हणा, ते पत्ता हातात देऊन प्रधान कुठला आणि एक्का कुठला तेही समजावून सांगतील.